पुतण्याची सोय: रोमच्या गादीवर नव्याने बसणाऱ्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन! बंद दाराआड कार्डिनलांनी मतं मोजली, तुमचं नाव निघालं आणि तुम्ही पोप झालात. आता गुडघे टेकून जगाच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. झाली? मग कामाला लागू या, कारण हाताशी वेळ फार थोडा आहे.

मुख्यतः १४७१ ते १६९२ या काळातल्या अनुभवी मंडळींची कामगिरी समोर ठेवून ही पुस्तिका तयार केली आहे. यातली एकही युक्ती आमच्या डोक्यातली नाही. सगळ्या वापरून पाहिलेल्या आहेत आणि बहुतेक लागू पडल्या आहेत.

आधी अडचण समजून घ्या

तुम्ही नुसते धर्मगुरू नाही, राजेही आहात. मध्य इटलीतला भलामोठा मुलूख तुमचा. तिथला कर तुमचा, सैन्य तुमचं, तुरुंगही तुमचे. राजाला जे जे लागतं ते सगळं आहे, फक्त वारस नाही. लग्नाला बंदी, आणि गादी वंशपरंपरेने चालत नाही. त्यात निवडून येता येता बहुतेकांचे केस पिकलेले असतात. दहा-बारा वर्षं मिळाली तरी डोक्यावरून पाणी. इतर राजे सावकाश खातात, कारण त्यांच्यामागे मुलगा खाणार असतो. तुमच्यामागे कोण येईल ते देवालाच ठाऊक. म्हणून पुढच्या पायऱ्या भराभर चढा.

पायरी १: पुतण्या शोधा

इटालियन भाषेत ‘निपोते’ या एकाच शब्दात पुतण्या, भाचा आणि नातू असे तिघेही मावतात. मराठीत तिघांना तीन शब्द, त्यामुळे कोण कोणाचा कोण ते लगेच उघडं पडतं. रोममध्ये ती भीती नाही. पुढे युरोपभर वशिलेबाजीला ‘नेपोटिझम’ हे नाव पडलं ते याच शब्दावरून. काका-पुतण्याचं राजकारण महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्याने शिकवायला नको, पण एक फरक ध्यानात ठेवा. रोममधला पुतण्या काकाविरुद्ध बंड करत नाही. काका थोड्याच दिवसांचा सोबती आहे आणि तोवर सही काकाचीच चालते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आदर्श म्हणून सिक्स्टस चौथा घ्या. हे गृहस्थ फ्रान्सिस्कन पंथाचे, म्हणजे दारिद्र्याची शपथ घेतलेले. ऑगस्ट १४७१ मध्ये निवडून आले आणि डिसेंबरात त्यांचे दोन पुतणे-भाचे कार्डिनल झाले. त्यातल्या पिएत्रो रिआरिओने पंचविशीत धर्मप्रांतांवर धर्मप्रांत गोळा केले. १४७३ मध्ये नेपल्सची राजकन्या रोममार्गे सासरी निघाली, तेव्हा त्याने तिला दिलेल्या मेजवानीत साखरेचे किल्ले होते आणि पावाला सोन्याचा वर्ख होता. पुढच्याच वर्षी तो वारला. वय २८. दुसरा, जुलियानो, जास्त चिवट निघाला. १५०३ मध्ये तोच जुलियस दुसरा या नावाने पोप झाला. तेव्हा पुतणे नेहमी दोन ठेवा. एक उडवायला, एक टिकायला.

गुंतवणूक लांब पल्ल्याची असते, हेही विसरू नका. कॅलिक्स्टस तिसऱ्याने १४५६ मध्ये आपल्या भाच्याला, रोड्रिगो बोर्जाला, लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद, दिलं. १४९२ मध्ये तो अलेक्झांडर सहावा झाला. १४९३ मध्ये त्याने आपला मुलगा चेझारे याला कार्डिनल केलं आणि त्याच यादीत आपल्या प्रेयसीच्या भावाचं, अलेस्सांद्रो फार्नेझेचं, नाव घातलं. १५३४ मध्ये तो भाऊ पॉल तिसरा झाला आणि दोन महिने सरतात न सरतात तोच त्याने आपले दोन नातू कार्डिनल केले. एक चौदा वर्षांचा, दुसरा सोळाचा. मिसरूड फुटायची वाट पाहावी, असा नियम कुठे आहे?

पायरी २: सोयरीक जमवा

स्वतःला मुलं असतील तर लाजू नका. इनोसंट आठवा लाजला नाही. त्याच्या मुलाचं लग्न फ्लॉरेन्सच्या लोरेंझो मेदिचीच्या मुलीशी झालं आणि १४८९ मध्ये लोरेंझोचा तेरा वर्षांचा मुलगा कार्डिनल झाला. वय इतकं कोवळं की ही गोष्ट तीन वर्षं जाहीर केली नाही. हाच मुलगा पुढे १५१३ मध्ये लिओ दहावा झाला.

राफाएलने काढलेलं लिओचं चित्र फ्लॉरेन्सला उफित्सी संग्रहालयात आहे. ते जवळून पाहा. टेबलावर उघडं बायबल, पोपच्या हातात भिंग, बोटं गुबगुबीत. मागे दोन कार्डिनल उभे आहेत, दोघेही त्याचे चुलत-आतेभाऊ. एकाने खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली आहे. दुसरा नुसता उभा आहे. १५२३ मध्ये पोप झाला तो हा नुसता उभा असलेला.

पायरी ३: पदं विका, पण पावती द्या

नवशिके इथेच चुकतात. त्यांना वाटतं, लाच टेबलाखालून घ्यायची असते. छे! टेबलच विका.

इनोसंट आठव्याने सचिवांची संख्या वाढवून तीसवर नेली. काम वाढलं नव्हतं, खर्च वाढला होता. लिओच्या अखेरीला विकाऊ पदं दोन हजारांवर गेली होती. हिशेब सरळ आहे. गिऱ्हाईक एकरकमी पैसे मोजतं आणि त्याबदली दरसाल शुल्काचा वाटा घेतं, शेकडा दहाच्या आसपास. म्हणजे नाव पदाचं, व्यवहार कर्जाचा. मुद्दल परत हवं असेल तर त्याने पद दुसऱ्याला विकावं, आणि त्या विक्रीवरही तुमच्या दफ्तराने शुल्क घ्यावं. हा सगळा भार शेवटी अर्जदाराच्या डोक्यावर. त्याला विवाहाची सूट हवी असो की मठाचा वाद मिटवून हवा असो, प्रत्येक सहीला दाम, प्रत्येक शिक्क्याला दाम.

या योजनेची खरी गंमत पुढे आहे. ज्याने आयुष्याची पुंजी घालून पद घेतलं, तो सुधारणेला कधीच हात वर करणार नाही. रोममधला वकील, सावकार, विधवेचा भाऊ, सगळेच तुमचे भागीदार. चोरावर पहारा ठेवायला माणूस उरतच नाही.

सावधान: खोटी आज्ञापत्रं विकणाऱ्या दोघांना १४८९ मध्ये देहांत शिक्षा झाली. त्यांचा गुन्हा विकण्याचा नव्हता. परवान्याशिवाय विकण्याचा होता.

पायरी ४: दरपत्रक छापा

ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त हा विशीतला तरुण. एक आर्चबिशपपद हातात असताना त्याला माइन्त्सचंही हवं होतं. दोन पदं एकाकडे असणं नियमात बसत नाही, पण सवलत मिळते आणि सवलतीला फी असते. त्याने फुगर पेढीकडून कर्ज काढलं. ते फिटावं म्हणून रोमने त्याला पापक्षमापत्रं विकायची परवानगी दिली. निम्मा पैसा रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मा फुगरच्या कर्जफेडीला. क्षमापत्र घेतलं की मेल्यावर भोगायची शिक्षा माफ.

त्याच्या विक्रेत्यांना दिलेल्या सूचनांमध्ये दर ऐपतीप्रमाणे ठरवले होते. राजे आणि बिशप, २५ सोन्याची नाणी. मठाधिपती आणि सरदार, १०. मग ६, मग ३. कारागिरांना एक, त्याखालच्यांना अर्धं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपास करावेत, कारण स्वर्ग गरिबांनाही तितकाच खुला आहे, असंही त्यात नमूद होतं. योजना गरीबधार्जिणी असल्याचं एक वाक्य पत्रकात नेहमी असावं.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर नावाच्या साधू-प्राध्यापकाने या व्यवहारावर ९५ मुद्दे मांडले. पोप एवढा श्रीमंत आहे तर स्वतःच्या पैशाने चर्च का बांधत नाही, हा त्यातला एक. अशा प्रश्नांना उत्तर देऊ नका. आधी तो साधू दारू पिऊन बोलतो म्हणा, नंतर बहिष्कृत करा. अर्धा युरोप हातचा जाईल, पण तोवर तुमची कारकीर्द संपलेली असेल.

पायरी ५: मन खात असेल तर समिती नेमा

अर्बन आठव्याने, म्हणजे माफ्फेओ बार्बेरिनीने, एक भाऊ आणि दोन पुतणे कार्डिनल केले आणि तिसऱ्या पुतण्याला जहागिरी देऊन राजपुत्र बनवलं. पुढे वय झालं आणि टोचणी लागली. १६४० मध्ये त्याने जाणत्यांची समिती बसवली. समितीचा निर्वाळा असा, की पोप हा राजाही असल्याने शिल्लक नातलगांना द्यायला हरकत नाही. घराण्यासाठी वर्षाला ८०,००० स्कुदी (तिथलं नाणं) उत्पन्नाची मालमत्ता करून द्यावी, मुलींच्या हुंड्याला १,८०,००० पर्यंत खर्च करावा. जेझुइट पंथाच्या प्रमुखांना हे प्रमाण माफक वाटलं.

पायरी ६: चौकशी लागली तर लग्न लावा

अर्बन १६४४ मध्ये गेला आणि नव्या पोपने, इनोसंट दहाव्याने, बार्बेरिनींचे हिशेब मागितले. तिन्ही पुतणे फ्रान्सला पळाले. एक तिकडेच मेला. रोमकरांना वाटलं, आता न्याय होणार. १६५३ मध्ये मेलेल्या पुतण्याच्या मुलाशी पोपच्या पुतणीच्या मुलीचं लग्न झालं आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या भावाला लाल टोपी मिळाली. गंगेत घोडं न्हालं. ज्यांनी चौकशी केली आणि ज्यांची झाली, ते आता व्याही होते.

पायरी ७: उरलेलं दगडात घाला

रोख पैसा लोकांच्या डोळ्यांवर येतो, संगमरवर येत नाही. सिस्टीन चॅपेलला नाव सिक्स्टसचं. त्याच्या छताखाली आज युरोप सहलीतले पुण्या-मुंबईचे काका-काकू मान दुखेपर्यंत वर पाहतात. पिआत्सा नव्होनातलं बर्निनीचं कारंजं १६५१ चं. त्याला पावावरच्या कराचा पैसा लागला. लोक तेव्हा पाव मागत होते. आज तिथे सेल्फी काढतात.

नेहमी होणाऱ्या चुका

प्रामाणिकपणा: एड्रियन सहावा हा डच सुताराचा मुलगा १५२२ मध्ये आला, खर्च कापायला निघाला आणि चर्चमधल्या बिघाडाचा दोष आपल्याच दरबाराचा आहे, हे त्याने दूताकरवी जर्मनांपुढे कबूल केलं. दोन वर्षांच्या आत वारला. त्याच्या वैद्याच्या दारावर रोमकरांनी आभाराची माळ लावली, असं सांगतात. त्यानंतर इटलीबाहेरचा पोप निवडला गेला तो थेट १९७८ मध्ये.

कुटुंबावर भरवसा: इनोसंट दहाव्याने भावजय ओलिंपियाला दरबार आंदण दिला होता. १६५५ मध्ये तो मेला तेव्हा शवपेटीचा खर्च कोणी करायचा, असा प्रश्न आला. मी गरीब विधवा, असं ती म्हणाल्याची कथा आहे.

पुस्तिका बाद होण्याची तारीख

१६९२ मध्ये इनोसंट बाराव्याने आज्ञापत्र काढलं. यापुढे पोपने नातलगांना जमिनी, पदं, महसूल देऊ नये. लायक असेल तर एकालाच कार्डिनल करावं, आणि त्याचं उत्पन्न १२,००० स्कुदींच्या आत राहावं. सिक्स्टसच्या त्या डिसेंबरापासून हे कलम लिहायला २२१ वर्षं लागली. काय चाललंय ते सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लिहिणाऱ्यांचाही त्यात वाटा होता, म्हणून उशीर झाला.

रोमला गेलात तर सेंट पीटरमधल्या काशाच्या छत्रीवर बार्बेरिनी घराण्याचं चिन्ह असलेल्या मधमाश्या मोजा. मुलांना मजा येईल. आणि परत आल्यावर जवळच्या कुठल्याही गादीपाशी, देवस्थानाची असो, संस्थेची असो की पक्षाची, तीन प्रश्न विचारा: पैसे कोण मोजतो, हिशेब कोण तपासतो आणि ते दोघे एकमेकांचे कोण लागतात? तिसऱ्या प्रश्नाला कुणी हसून विषय बदलला, तर ही पुस्तिका तिथे तुमच्या आधीच पोहोचली आहे असं समजा.