मंथरेचे उपकार

राम अयोध्येच्या गादीवर सुखानं बसला असता, तर दंडकारण्याचं नाव कोणाच्या तोंडी आलं असतं? आमची गडचिरोली त्याच अरण्यातली म्हणतात. म्हणजे रामायणात आम्हाला जागा मिळवून दिली ती मंथरेनं. तरी आमच्याकडे तिचं देऊळ नाही, आणि पोरीचं नाव मंथरा ठेवल्याचंही ऐकिवात नाही.

तसा तिच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. अध्यात्म रामायणात देवच सरस्वतीला अयोध्येला धाडतात आणि मंथरेची बुद्धी फिरवतात, कारण रावण मरायचा तर राम वनात जायला हवा. पुढे चित्रकूटला कैकेयी माफी मागायला येते, तेव्हा राम तिची समजूत घालतो की तुझं ते बोलणं माझ्याच प्रेरणेनं झालं. आरोपीच्या वकिलाला आणखी काय हवं?

तरी तिला मान का नाही, हे कोडं मला आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात थोडं सुटतं. धान घरात आलं की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, रात्रभर नाटक. खलनायकानं विधवेची जमीन लाटली, की बायांचे पदर डोळ्यांना लागतात आणि मागून कोणीतरी त्याचा उद्धार करतो. पण थंडीत कुडकुडत असूनही कोणी उठून घरी जात नाही. लेखकावर भरवसा असतो, पहाटेपर्यंत हा गडी ताळ्यावर येणार! शेवटचा अंक ठाऊक नसतो तो फक्त खलनायकाला. देवावरचा भरवसा बहुधा याच जातीचा असावा. पंचाईत एवढीच, की देवाच्या नाटकात एकेक प्रवेश शंभर शंभर वर्षं चालतो.

आमच्या जंगलाचा प्रवेश असाच लांबला. इंग्रजांनी 1865, 1878 आणि 1927 साली वनकायदे केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारा माणूस आपल्याच जंगलात चोर ठरला. पुढे साहेब गेले, 1927 चा कायदा राहिला. त्यात 2017 पर्यंत बांबू हे झाड होतं! तो गवताच्या कुळातला, हे धानोऱ्याच्या गाईनंही सांगितलं असतं, पण तिची साक्ष कोणी काढली नाही.

ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांचं संकट आलं. गावं, जंगलं पाण्याखाली जाणार होती. आदिवासी एकवटले, आदिवासी नेते लालश्याम शहा आणि बाबा आमटे त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि ते काम अडलं. गंमत पुढेच आहे. धरण अडवायला जमलेली माणसं धरण अडल्यावरही पांगली नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या छोट्या गावानं आपला कारभार आपणच करायचं ठरवलं, तोही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गाव कायदा वाचू लागलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं प्रस्तावनेतच कबूल केलं आणि बांबूला गौण वनोपजात घातलं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना मिळेना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं.

मग आता धरण आखणाऱ्यांना शाल-श्रीफळ द्यायचं का? बुडवायला निघाले म्हणून गाव जागं झालं, हे तर खरंच. इथं मला पुन्हा चित्रकूट आठवतं. ‘झालं ते बऱ्यासाठीच’ असं तिथं कोण म्हणतं? ज्याचं राज्य गेलं तो म्हणतो. कैकेयी माफी मागायला आलेली असते, हिशेब मांडायला नाही. बायबलातल्या योसेफाचंही तेच. भावांनी विकलेल्या या पोरानं पुढे दुष्काळात त्याच भावांना धान्य दिलं. देवानं यातून भलं योजलं होतं, हे तिथंही योसेफच म्हणतो. भाऊ त्याच्या पायाशी असतात. हे वाक्य सोसणाऱ्याच्या तोंडी प्रसादासारखं वाटतं. करणाऱ्यानं उच्चारलं, की ते जामीनअर्ज होतं. देवानं वाइटाचं चांगलं केलं असेल, तर ते श्रेय देवाचं. मंथरेनं त्यात वाटा मागू नये.

आणि सोसणाऱ्यानंही हे वाक्य उशाला घेऊन झोपू नये. मेंढ्याची माणसं कोणाचा सूड घ्यायला गेली नाहीत, आणि देव करील म्हणून घरी बसली नाहीत. भरवसा म्हणतात तो मला या वागण्यात दिसतो. शेवटचा अंक देवाच्या हाती सोपवला, की सूडाची घाई राहत नाही. आपल्या वाट्याला एवढंच उरतं: बोलावणं आलं की सभेला जाऊन बसायचं, आणि एकमत होईपर्यंत उठायचं नाही.