ब्राउझरचं परदेशगमन

आमच्या घरात पासपोर्ट कुणाकडेच नाही. ब्राउझर मात्र जर्मनीत राहतो. ऑफिसचं व्हीपीएन फ्रँकफर्टमार्गे जातं, त्यामुळे कोथरूडच्या खुर्चीत बसून ‘जवळचा प्लंबर’ शोधला की जर्मन प्लंबर हजर. इथे नळ गळतोय आणि तो युरोत भाव सांगतोय!

जाणकार म्हणतात, पत्त्याच्या शेपटाला ‘डॉट डीई’ऐवजी ‘डॉट इन’ लावा. पण गूगलने २०१७ पासून शेपटाकडे पाहणंच सोडलंय. माणूस कुठे बसलाय ते हेरून निकाल ठरतात. मग व्हीपीएन बंद केलं, सेटिंग्जमध्ये प्रदेश ‘भारत’ निवडला, कुकीज पुसल्या. आता प्लंबर अस्सल पुण्याचा मिळतो. तीन दिवस झाले, ‘निघालोच’ म्हणतोय.