वायरिंगवाला

गाडीचे इंडिकेटर लागत नाहीत, एवढंच सांगा. वायरिंगवाला गाडीकडे न बघता तुमच्याकडे बघतो आणि फौजदाराच्या सुरात विचारतो, "ह्याला आधी कुणी हात लावला होता?"

मग हेडलाइटचा डोम उघडतो आणि आतला गुंता बाहेर लोंबतो. स्प्लेंडरच्या वायरी त्याला पाढ्यासारख्या पाठ : हिरवी अर्थिंग, नारिंगी डावी, आकाशी उजवी, करडी फ्लॅशरची. त्यात मधेच लग्नाच्या माळेतून आलेली वाटावी अशी एक लाल वायर निघते. कपलर कापून मारलेला पीळ, वर उन्हानं चिकट झालेली टेप. टेप सोलली की तांब्यावर हिरवा गंज. "सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. करंट जाणार कुठून?" इथं मात्र तो शंभर टक्के बरोबर असतो. सीटखाली उंदरानं कुरतडलेल्या वायरींबद्दल तो एवढा चिडत नाही. "उंदराला अक्कल नसते, साहेब." क्वचित तो पीळ त्याचाच निघतो. तेव्हा तो टेप पुन्हा गुंडाळत पुटपुटतो, "त्या वेळी पार्ट मिळत नव्हता."

काम सगळं टेस्ट लॅम्पवर, म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. मल्टिमीटरही आहे, तो इंजिनिअर गिऱ्हाइकांसमोर काढायचा.

त्याचा खरा वैरी ऑनलाइन एलईडी मागवणारा पोरगा. दहा वॅटचा बल्ब काढून दोन वॅटची एलईडी लावली, की जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय, आणि तो सुसाट सुटतो. नियमानं मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायचं; इथं मोजणाराच दमतो. "फ्लॅशर एलईडीचा टाकावा लागेल," असं तो सांगतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुःख नसतं. निळे इंडिकेटर घेऊन आलेल्याला तो उभाच करत नाही. पोलीस पकडतील म्हणून नव्हे. इंडिकेटर पिवळाच असतो म्हणून.

अखेर चारही दिवे एका लयीत लागतात. पैसे घेताना तो बजावतो, "इलेक्ट्रिकलला गॅरंटी नसते हां."

गिऱ्हाईक खूश होऊन निघतं आणि नाक्यावर उजवा पाय बाहेर काढून वळतं. वायरिंगवाल्याला त्याचं काही वाटत नाही. न वापरलेला इंडिकेटर जास्त टिकतो, असा त्याचा अनुभव आहे.