बाईंचा संगणक वाळीत पडतो

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि तिथला संगणक समन्वयकही मीच. ही दोन वाक्यं एका ओळीत शोभत नाहीत, हे मलाही कळतं. पण सहा वर्षांपूर्वी प्राचार्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला. कागद फाटला, पण निघाला. त्या दिवसापासून ज्या ज्या वस्तूला वायर आहे, ती माझी.

ऐन जूनमध्ये, प्रवेशाची झुंबड असताना, हेडक्लार्क बाईंचा नवा संगणक आला. तो डोमेनला घ्यायचा होता. डोमेन म्हणजे गावकीच. स्टोअररूममध्ये क्रीडा महोत्सवाच्या ढालींखाली आमचा सर्व्हर घरघरत असतो. त्याच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या वहीत ज्याचं नाव, त्याला सामायिक फोल्डर, प्रिंटर, सगळा मानपान. ज्याचं नाव नाही, तो वेशीबाहेर.

मी डोमेनचं नाव टाकलं, बटण दाबलं. संगणक मिनिटभर विचारात पडला आणि म्हणाला, या डोमेनच्या कंट्रोलरशी संपर्क होऊ शकत नाही. सर्व्हर भिंतीपलीकडे. त्याचा पंखा आम्हाला ऐकू येत होता!

जिल्ह्याच्या गावी एक इंजिनिअर आहे. वर्षाच्या करारात तो आम्हाला फक्त फोनवर भेटतो.

“सर, पिंग होतंय का?”

“होतंय.”

“मग डीएनएसला काय टाकलंय?”

“आठ. चार वेळा.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, “कुणी टाकलं, सर?”

टाकलं होतं लॅब असिस्टंटच्या भाच्याने, इंटरनेट पळावं म्हणून. ८.८.८.८ म्हणजे गूगलने २००९ साली जगाला फुकट दिलेला पत्ते सांगणारा. त्याला ब्राझीलमधल्या चपलांच्या दुकानाचा पत्ता विचारा, पापणी लवायच्या आत सांगेल. पण डोमेनला जाणारा संगणक नुसता पत्ता विचारत नाही. तो विचारतो, ‘या गावचा कारभारी कोण?’ त्याची नोंद फक्त आमच्या सर्व्हरच्या वहीत. म्हणजे आम्ही शेजारच्या घराचा पत्ता मुंबई सेंट्रलच्या चौकशी खिडकीवर विचारत होतो आणि खिडकीवाला इमानदारीत सांगत होता, असं घर नाही. आठांच्या जागी सर्व्हरचा आकडा टाकला. कारभारी सापडला, त्याने नाव-पासवर्ड विचारला. मी प्राचार्यांना ‘झालं’ म्हणून कळवून टाकलं. ही माझी जुनी खोड आहे.

दुसरी पाटी आली: सर्व्हरच्या आणि तुमच्या वेळेत फरक आहे.

आता वेळ या विषयात आमचं महाविद्यालय कुणाला हार जाणार नाही. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, कारण शिपाई मामांना साडेपाचची एसटी गाठायची असते. मस्टर चाळीस मिनिटं मागे, कारण बाकीच्यांना सकाळची एसटी गाठता येत नाही. पण विंडोजच्या दारात कर्बेरॉस नावाचा पहारेकरी बसतो. अमेरिकेतल्या एमआयटीत तो जन्मला आणि ग्रीकांच्या पाताळाच्या दारातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून त्याचं नाव पडलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, पण त्यांनी आजवर कुणाचं घड्याळ तपासल्याचं ऐकिवात नाही. हा मात्र पाच मिनिटांच्या वर फरक चालवून घेत नाही.

“पण घड्याळ तर बरोबर आहे!” बाई म्हणाल्या. खरंच होतं. पडद्यावर साडेअकरा, बाईंच्या मनगटावर साडेअकरा, सर्व्हरवर साडेअकरा. मी तीन वेळा तपासलं. मामांनी येऊन चौथ्यांदा तपासलं.

“सर, टाइम झोन बघा ना,” फोन म्हणाला.

टाइम झोन होता पॅसिफिक. अमेरिकेचा पश्चिम किनारा. संगणक आला तेव्हा तिथलीच वेळ दाखवत होता. बाईंनी, त्यांच्या मते, ती दुरुस्त केली. काटे इथले लावले आणि गाव तिथलंच राहू दिलं. पहारेकरी काटे बघत नाही, जगाच्या सामायिक वेळेचा हिशोब करतो, आणि त्या हिशोबाने आमच्या हेडक्लार्क बाई साडेबारा तास पुढे होत्या. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच कुणीतरी वेळेच्या आधी आलं होतं आणि त्यालाच दारात अडवलं होतं. तशी गावातली निम्मी पोरं देहाने चावडीवर आणि मनाने कॅलिफोर्नियात असतात; यंत्राला तरी नावं कशाला ठेवायची?

मी झोन बदलून भारताचा केला. त्याबरोबर पडद्यावर मध्यरात्रीचे ठोक बारा.

“बघा, वाजवलेत ना बारा?” बाई म्हणाल्या.

वेळ पुन्हा लावली. तिसरी हरकत आली नावाची. मी बाईंच्या जुन्या संगणकाचंच नाव नव्याला दिलं होतं. जुना कधीच भंगारात गेला, पण वहीत त्याचं नाव तसंच; रेशनकार्डावर वारलेल्या आजोबांचं राहतं तसं. तो जोडला होता निवृत्त झालेल्या भूगोलाच्या सरांनी, आणि दुसऱ्याने नोंदवलेल्या मयताचं नाव लावायला विंडोज ऑक्टोबर २०२२ पासून सहजी परवानगी देत नाही. वर नव्या नावाला जागा पंधरा अक्षरांची. प्राचार्यांनी सुचवलेल्या नावात संस्थापकांची पदवीच तेवढी होत होती. मी ‘हेडक्लार्क२’ ठेवून मोकळा झालो. पहिली कोण, हे बाईंनी दोनदा विचारलं.

आणि मग ती चिमुकली खिडकी उघडली: डोमेनमध्ये आपलं स्वागत आहे. तीन दिवसांच्या छळानंतर एवढी एक ओळ. मामांनी चहा सांगितला. संगणक बंद करून चालू केला, बाईंनी नवा पासवर्ड टाकला आणि पडदा उजळला. निळा, स्वच्छ, रिकामा.

“माझं सामान कुठाय?”

डोमेनचा माणूस म्हणजे संगणकाच्या लेखी नवा माणूस. त्याला कोरं घर मिळतं. तीन दिवसांत बाईंनी वेशीबाहेरच्या त्या खात्यात प्रवेशाच्या याद्या, पुतणीच्या लग्नाचे फोटो आणि ‘न्यू फोल्डर’ नावाची चौदा फोल्डरं थाटली होती. सगळं सी ड्राइव्हमध्ये सुखरूप आहे, फक्त जुन्या नावाच्या घरात आहे, हे मी शपथेवर सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही.

“सर,” त्या म्हणाल्या, “तो अमेरिकेतच बरा होता. परत पाठवता येईल का?”

मी फोन उचलला. जिल्ह्याचा इंजिनिअर जेवायला गेला होता.