टपरीवरची निवड समिती

यू मुम्बाने प्रो कबड्डी जिंकली २०१५ साली, एकदाच. तेव्हापासून लिलाव जवळ आला की विक्रोळीच्या कन्नमवार नगरात टपरीवर निवड समिती बसते. समितीत एकाचाही गुडघा धड नाही. ‘लेफ्ट कॉर्नर आधी बघा,’ कटिंगवर फुंकर मारत काका सांगतात, ‘आणि रेडर हरयाणातून कशाला? आपल्या कॉलेजातला घ्या.’ कॉलेजातला म्हणजे काकांचा भाचा. २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांवर ओतले आणि त्याच मोसमात संघ तळाला गेला, हा दाखला निघाला की फुकटातल्या भाच्याचं पारडं आणखी जड होतं. समितीने त्याला कर्णधारही करून टाकलंय. भाचा शहाणा, तो रेल्वेच्या क्रीडा कोट्याचा फॉर्म भरतोय.