नाद लिनक्सचा

लिनक्स ही मुक्त स्रोत प्रणाली वापरणाऱ्या माणसाचा स्वभाव अभ्यासायचा असेल, तर त्याने हौसेने आणलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोनच्या विद्युत्संकेताचे अंकांत रूपांतर करून ते यूएसबी तारेवाटे संगणकाला पुरवणारी डबी, संगणकाने अजिबात जुमानली नाही, तो क्षण निवडावा. इतर कोणीही अशा वेळी दुकानदाराला फोन लावील. लिनक्सधारक मात्र मनातून सुखावतो, कारण डबी जोडताक्षणी चालली असती तर त्याच्या विद्वत्तेला कामच उरले नसते. प्रस्तुत लेखक याच पंथातला असल्याने साक्षीदाराची उणीव नाही.

प्रथम टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची काळी खिडकी, शक्यतो घरातले कोणीतरी पाठीमागे उभे असताना उघडली जाते. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देते, तर 'डीमेसेज' ही प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, केलेल्या नोंदी दाखवते. तेथे 'एरर -७१' दिसल्यास डबीचे आणि संगणकाचे बोलणे मध्येच तुटले असे समजावे. यादीत डबीच नसेल, तर हाताशी आलेली तार पुष्कळदा मोबाइल चार्ज करण्यापुरती, वीज नेणारी पण माहिती वाहणाऱ्या दोन तारा नसलेली, निघते. हे निदान शाळकरी पुतणीही करू शकते, म्हणून ते तपासण्याआधी अधिक प्रतिष्ठित कारणांकडे वळण्याची प्रथा आहे.

या कारणांत ध्वनिव्यवस्थेची वंशावळ सर्वांत रमणीय होय. ध्वनीच्या उपकरणांशी थेट बोलणारा कर्नेलमधला थर तो अल्सा, आणि तो २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीपासून रूढ झाला. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्यासाठी त्याच्यावर पल्सऑडिओ आला व फेडोरा या लिनक्सच्या एका वितरणाने २००७ मध्ये त्याला मुख्य मानले. संगीतकारांना विलंब सोसवेना, म्हणून त्यांचा जॅक वेगळाच नांदला. आणि या दोन्ही घराण्यांचा कारभार एका हाती घेणारा पाइपवायर २०२१ मध्ये फेडोरा ३४ सोबत गादीवर बसला. गंमत अशी की 'पॅक्टल इन्फो' ही आज्ञा देऊन सर्व्हरचे नाव विचारले, तर आजही 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)' असे उत्तर येते, जणू बदलून आलेला मामलेदार मागच्या मामलेदाराच्याच शिक्क्याने दाखले देत आहे. ही वंशावळ लिनक्सधारक लग्नाच्या पंगतीतही सांगतो आणि शेजारचा पाहुणा ताकाच्या निमित्ताने उठेपर्यंत थांबत नाही. एलएसयूएसबीच्या यादीतच नसलेल्या डबीचा या घराण्यांपैकी कोणाशीही संबंध येत नाही, हा तपशील तो पंगतीत वाढत नाही.

खरा संताप येतो तो खोक्यामुळे. 'यूएसबी ऑडिओ क्लास' नावाचा सर्वांसाठी आखलेला संकेत पाळणाऱ्या डबीला वेगळ्या ड्रायव्हरची, म्हणजे दुभाषी प्रोग्रॅमची, गरज पडत नाही. तरीही पुष्कळ खोक्यांवर दोनच व्यापारी प्रणालींची नावे असतात आणि तिसरी जगात नाहीच असे गृहीत धरलेले असते. संकेत मोडणाऱ्या डब्यांसाठी मात्र कर्नेलच्या ध्वनिविभागात 'क्वर्क्स', म्हणजे खोडी, यांचा एक लांबलचक तक्ता आहे. अमुक निर्मात्याचा क्रमांक, अमुक उपकरणाचा क्रमांक, आणि ही डबी स्वतःविषयी चुकीचे सांगते, तेव्हा तिचे म्हणणे असे वाचावे, एवढाच कोरडा मजकूर. त्यातल्या कित्येक नोंदींमागे तीच डबी पदरी पडलेला, निर्मात्याने कसलेही कागद न दिलेला आणि तरीही चिकाटीने तिच्या खोडी टिपून ठेवणारा कोणी परका माणूस आहे. त्या ओळींमुळे ज्यांची डबी पहिल्याच खेपेस चालते, त्यांना तो होता हेही कळत नाही, आणि पंगतीत वंशावळ सांगणाऱ्याच्या तोंडी त्याचे नाव कधी येत नाही.

अखेर तार बदलली जाते, डबीवरचा हिरवा दिवा लागतो, आणि मग गावेच लागते. अशा वेळी लिनक्सधारक बफरकडे, म्हणजे ध्वनीचे अंकांत घेतलेले नमुने काही काळ साठवणाऱ्या जागेकडे, वळतो, सेकंदाला ४८,००० नमुने धरून २५६ नमुन्यांच्या बफरचा विलंब सुमारे ५.३ मिलिसेकंद काढतो, आणि आपला षड्ज नेमका त्याच अवधीत घसरला असे घरच्यांना आकडेमोडीसह पटवू लागतो.