काळजीचं कंत्राट

मनःशांतीच्या बाबतीत आमचा नगर जिल्हा म्हणजे पक्का निर्यातदार. (कागदोपत्री अहिल्यानगर, जिभेला अजून वळण पडायचंय.) शिर्डीनं जगाला सबुरी दिली. नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि शेवटी अख्ख्या विश्वासाठी पसायदान मागून झालं. दौंड रस्त्यावर अरणगावाजवळ मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी. त्यांचं ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे वचन पोस्टरवर पाहून बॉबी मॅकफेरिन या अमेरिकी गायकानं 1988 मध्ये गाणं केलं आणि ते जगभर वाजलं. एवढा माल बाहेर गेल्यावर गल्लीत काय उरणार? नाना उरले.

असे नाना नगरच्या गल्लोगल्ली सापडतात. साठी ओलांडलेली, झेडपीतून नाहीतर एस्टीतून निवृत्त, खिशाला दोन पेनं, कारण एक ऐनवेळी उठलं नाही तर? पाऊस सुरू झाला की त्यांचा एकच प्रश्न: “मुळा किती भरलंय?” मुळा धरण 26 टीएमसीचं. निम्मं भरलं तर नगरला पाणी पुरायचं कसं, ही काळजी. काठोकाठ भरलं तर जायकवाडीला सोडावं लागेल, ही काळजी. समन्यायी पाणीवाटपाचा 2005 चा कायदा त्यांना हनुमान चालिसेसारखा पाठ आहे. एकदा मी म्हटलं, “नाना, औंदा जायकवाडीपण भरलंय.” नाना गंभीर झाले. “मग गोदाकाठच्या लोकांचं कसं व्हायचं?”

कांद्याचंही तेच. नानांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, पण भाव पडला की शेतकऱ्यासाठी जीव तुटतो आणि चढला की म्हणतात, “आता निर्यातबंदी येते बघा.” डिसेंबर 2023 मध्ये ती खरंच आली. पुढचे काही दिवस नानांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

देवधर्माला नाना जातात, पण काळजी घरी ठेवून जात नाहीत. शिर्डीत एक चप्पल एका कोपऱ्यात, दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात. शनिशिंगणापुरात घरांना कुलपं नाहीत, 2011 मध्ये युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखाही काढली. नानांनी हे सगळं कौतुकानं ऐकलं आणि गाडीचं हँडल लॉक करून वर साखळी लावली. “बँकेचं बघायला रिझर्व्ह बँक आहे,” ते म्हणाले, “माझ्या स्प्लेंडरचं कोण बघणार?”

पण खरे नाना पाहायचे तर 31 जानेवारीला मेहेराबादला. त्या दिवशी मेहेरबाबांची पुण्यतिथी, म्हणजे अमरतिथी असते. दुपारी बाराला पंधरा मिनिटं मौन. देशोदेशीची माणसं डोळे मिटून बसलेली. नानांनीही मिटले. जरा वेळानं एक उघडला. शेजारी बसलेल्या नानींना कोपरानं ढोसलं आणि अंगठा नि बोट धरून मनगट फिरवलं: गॅस? नानींनी डोळे न उघडताच मान डोलावली. मग हवेत किल्ली फिरली: कुलूप? पुन्हा मान. मग तळहात वरून खाली आला. ही बहुतेक दुधाच्या पातेल्यावरची जाळी असावी. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं ते 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत. शेवटची वर्षं ते खाणाखुणांनीच बोलत. नानांनी त्यांच्याकडून घेतलं ते एवढंच.

आणि शेजारी नानी बघा. चेहऱ्यावर सुरकुती नाही. रात्री नऊला पाठ टेकली की घोरायला लागतात. त्यांनी ना कसली साधना केली, ना कुठलं शिबिर. घरातल्या काळजीचं सगळं कंत्राट नानांकडं आहे, आणि एका घरात दोन कंत्राटदार कशाला, असा त्यांचा हिशोब. शांती म्हणजे काय हे मला विचाराल, तर मी नानींकडं बोट दाखवीन. फक्त त्यामागं कोण जागं असतं, तेही सांगीन.

मागं नाना आठवडाभरासाठी मुलाकडं पुण्याला गेले. गल्लीनं हुश्श केलं. पहिल्याच रात्री तीन गच्च्यांवरून टाक्या भरून वाहिल्या, कारण “मोटर!” म्हणून ओरडायला कुणी नव्हतं. नानी रात्री दोनदा उठून गॅसचं बटण चाचपून आल्या. चौथ्या दिवशी त्यांनीच फोन लावला.

“अहो, कधी येताय?”

“का गं? काय झालं?”

“काही नाही हो. झोप येईना.”

नाना पहिल्या एस्टीनं निघाले, दुपारी माळीवाड्याला उतरले. रिक्षा गल्लीत वळली न वळली तोच आतून आवाज आला, “अरे, मोटर कुणाची चालू आहे?”

चार घरांतून चार माणसं बटणाकडं धावली. वीज सकाळपासून गेलेली होती.